तपासणाऱ्याची सही

आबा जेवायला जाताना तारखेचा शिक्का खिशात घालून नेत.

लाकडी मुठीचा, दिवस-महिना-सन फिरवण्याची रबरी चाके असलेला तो साधा शिक्का होता. दुबईच्या अल कुसैस भागातल्या आमच्या कंत्राटदार कंपनीत आबा डॉक्युमेंट कंट्रोलर होते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नकाशावर, पत्रावर, तपासणीच्या विनंतीवर क्रमांक घालायचा, शिक्का मारायचा आणि कुणी मागितला की तो कागद बसल्या जागी काढून द्यायचा, हे त्यांचे काम. आपण जागेवर नसताना कुणी ते चाक एक दिवस मागे फिरवू नये, म्हणून शिक्का त्यांच्याबरोबर डबा खायला येई. त्यांच्या प्रत्येक विजारीच्या उजव्या खिशावर जांभळा डाग होता.

एकदा एक पत्र सल्लागारांकडे दोन दिवस उशिरा गेले. प्रोजेक्ट मॅनेजर स्वतः आबांच्या टेबलाशी आले.

"आबा, परसों का स्टॅम्प मारो, बात खलास."

"साहब, परसों मैं भी था, स्टॅम्प भी था," आबा म्हणाले. "कागज नहीं था."

मॅनेजर बराच वेळ ओरडले. आबा मान खाली घालून, खिशातला शिक्का मुठीत धरून ऐकत राहिले. शेवटी पत्र त्याच दिवसाच्या तारखेने गेले. आम्ही सगळे काचेच्या आडून हसत होतो. त्या हसणाऱ्यांत मी होतो, हे मला प्रथम सांगायला हवे.

बांधकामाच्या कागदांना दर्जे असतात. ए म्हणजे मंजूर, बी म्हणजे शेऱ्यांसह मंजूर, सी म्हणजे नामंजूर, सुधारून पुन्हा आणा. आबा माणसांनाही हेच दर्जे देत. कँटीनचा नवा स्वयंपाकी बी होता. वातानुकूलन यंत्र दुरुस्त करायला येणारा आणि ते अधिकच बिघडवून जाणारा गृहस्थ कायमचा सी. मी एकदा धीर करून विचारले, "आबा, मी कोण?"

"तुम्ही बी, इंजिनेर. शेरे हाईत."

"कोणते?"

"तुम्ही वाचत न्हाई. नुसतं बघता."

मी हसलो. त्या वेळी तो विनोद वाटला होता.

माझे बिऱ्हाड शारजात, अल मजाजला. मी, पत्नी आणि मुलगी. आबा मागच्या गल्लीतल्या एका सदनिकेत खिडकीजवळची एक खाट भाड्याने घेऊन राहत. त्या खाटेखाली कपड्यांची एक बॅग होती आणि तीन बॉक्स फाइली. सकाळी-संध्याकाळी ते माझ्या गाडीत असत. शारजा-दुबई रस्त्यावर रोज जे दोन-तीन तास जातात, त्यांचे काय करायचे हा इथल्या प्रत्येकाचा प्रश्न. आबा त्या वेळात आईविषयी बोलत. आई पोलंडची होती.

दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती. आबांची आई, हेलेना, पोरकी होऊन तिथे आली तेव्हा चौदा वर्षांची होती. छावणी मोडली, बहुतेक लोक दूरदेशी निघून गेले. ही मात्र छावणीला धान्य पुरवणाऱ्या दुकानदाराच्या मुलाशी लग्न करून कोल्हापुरात राहिली आणि हिराबाई झाली. तिचे मराठी अस्सल कोल्हापुरी होते. फक्त एक गोष्ट तिने अखेरपर्यंत सोडली नाही. ज्वारीच्या पिठाची आंबील चांगली आंबवून, त्यात उकडलेले अंडे दोन फाका करून घालायची. तिकडे राय नावाच्या धान्याच्या पिठाचे असेच आंबट सार करतात म्हणे. आबांच्या डब्यात गुरुवारी हमखास ती अंड्याची आंबील असे, आणि त्या वासाने गुरुवारी त्यांच्या शेजारी कुणी बसत नसे.

माझी मुलगी एकदा गाडीत मागे बसली होती. तिने मला इंग्रजीतच विचारले, "बाबा, इज ही रिअली पोलिश?"

आबांनी घाऱ्या डोळ्यांनी आरशात तिच्याकडे पाहिले. "अर्धा, बाळ. पण अर्ध्याचा कागद अजून मिळाला न्हाई."

तो कागद मिळवणे हे त्यांचे दुसरे काम होते. खाटेखालच्या तिन्ही फाइली त्याच्याच होत्या. पोलंडमधल्या अभिलेखागारांना पत्रे, चर्चच्या जन्मनोंदींच्या छायाप्रती, छावणीच्या याद्या, निरनिराळ्या देशांत पांगलेल्या छावणीकरांच्या मुलांशी झालेला पत्रव्यवहार. प्रत्येकावर क्रमांक, प्रत्येकावर जांभळी तारीख. जोडपत्रांचा गठ्ठा ते हिरव्या दोऱ्याने बांधत. त्यांची गाठ वेगळी होती. चाऱ्याची पेंढी बांधतात तशी, पिळून आत खुपसलेली. एकदा सोडली की तशीच पुन्हा बांधणे आबांखेरीज कुणालाच जमत नसे. रद्द झालेला कागद ते फाडू देत नसत. त्यावर तिरपा शिक्का मारून तो नव्या आवृत्तीच्या मागे लावत. म्हणत, "चूक फेकून दिली की पुढच्याला वाटतंय, आपण पहिल्यापासनं शहाणेच हुतो."

मी एकदा विचारले, "आबा, आई तर गेली. आता हे कशासाठी?"

गाड्या थांबल्या होत्या. आबा समोर पाहत बोलले. हेलेनाला एक धाकटी बहीण होती, झोशा. सहा वर्षांची. रशियनांनी त्यांचे सगळे कुटुंब उचलून थंड मुलखात नेले होते. आईबाप तिथेच गेले. दोघी बहिणी इतर मुलांबरोबर दक्षिणेकडे येत असता झोशाला ताप भरला. वाटेतल्या एका गावात तिला इस्पितळात ठेवले. दारातल्या बाईने हेलेनाला सांगितले, उद्या ये. हेलेना बहिणीला म्हणाली, उद्या येते. त्याच संध्याकाळी मुलांना लॉऱ्यांत भरून इराणच्या वाटेला लावले.

"आई शेवटी बोलली ते मराठीतच बोलली," आबा म्हणाले. "म्हणाली, तिला सांग, गाडी त्याच दिवशी सुटली. एवढंच. पोरीला वाटलं असंल की आक्का सोडून गेली. जिती असंल तर ऐंशीच्या पुढं असंल. तिला एवढं वाक्य सांगायचं हाय, इंजिनेर. मग फायली बंद."

त्यांच्या पद्धतीत प्रत्येक निष्कर्षाचा एक तक्ता असे. काय ठरले, कशावरून ठरले, कुणी लिहिले, कुणी तपासले. शेवटच्या दोन चौकटींत एकाच माणसाची सही चालत नाही, असा त्यांचा नियम. तपासणारा म्हणून त्यांनी मला निवडले.

"मला पोलिश कुठे येते?" मी म्हणालो.

"तेच बरं. फोनवर भाषांतर हुतंय. तुम्हाला त्यात कुणाची आई सापडायची न्हाई, म्हणून तुम्ही. ज्याला हवं असतंय तो मधलं वाचतोय. दुसऱ्यानं कडा वाचायच्या."

मी छोटे-मोठे काही तक्ते तपासून दिले. मग तो मोठा तक्ता आला. एका गुरुवारी निघताना त्यांनी तपकिरी पाकीट माझ्या हातात ठेवले. झोशा सापडली होती. पूर्व पोलंडमधल्या एका खेड्यात त्याच आडनावाचे कुटुंब, मोठी हेलेना, धाकटी झोशा, वयांतले अंतर तेच, आणि धाकटी हयात. वर तक्ता, खाली बेचाळीस पानांचा गठ्ठा, त्याला हिरवा दोरा.

"घाई न्हाई," आबा म्हणाले. "सुट्टीचे दोन दिवस घ्या. सगळी पानं बघा."

तेव्हा इथली सुट्टी शुक्रवार-शनिवारची असे. शुक्रवारी आम्ही अजमानच्या किनाऱ्यावर गेलो. शनिवारी मुलीच्या मैत्रिणीचा वाढदिवस होता. पाकीट गाडीच्या मागच्या आसनावर पडून राहिले, त्यावर वाळूचे पाय लागले. रविवारी सकाळी, आबांच्या गल्लीपाशी वळण्याआधीच्या सिग्नलला मी पाकिटातून फक्त तक्ता ओढून काढला आणि स्टिअरिंगवर ठेवून सही केली.

आमच्या धंद्यात ही सवय जुनी आहे. दिवसाला तीस-चाळीस कागदांवर 'तपासले' म्हणून सही करावी लागते. करणाऱ्याला वाटते पुढचा बघेल, पुढच्याला वाटते मागच्याने पाहिले असेल. इमारती तरीही उभ्या राहतात, म्हणून ती सवय पाप वाटत नाही. पण त्या सकाळी मी सवयीपेक्षा एक पाऊल पुढे गेलो. सहीखाली मी शुक्रवारची तारीख घातली. आपण सुट्टी खर्चून त्यांचे काम केले असे आबांना वाटावे, त्यांना बरे वाटावे, आणि खरे सांगायचे तर मीही त्यांना बरा वाटावा, म्हणून.

आबा गाडीत बसले. मी पाकीट दिले. त्यांनी तक्ता काढून सही पाहिली, मग तारीख पाहिली.

"शुक्रवारीच केलंत?"

"हो."

"सगळी पानं?"

"सगळी, आबा."

त्यांनी तक्ता परत पाकिटात सरकवला. मग पाकीट तसेच पिशवीत ठेवत म्हणाले, "इंजिनेर, आजपासनं तुम्ही ए." हातात आलेला कागद आबांनी त्या दिवशी, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, मोजून आणि तपासून न घेता ठेवला. कार्यालयात पोहोचल्यावर पाकीट टेबलाच्या खणात गेले. वाचायला त्यांची स्वतःची प्रत खोलीवर होती.

पुढच्या महिन्यात ते रजा घेऊन पोलंडला गेले. कोल्हापुरी चपलांचा एक लहान जोड, गुळाची ढेप आणि फोनमध्ये त्या एका वाक्याचे पोलिश भाषांतर, एवढे त्यांच्याबरोबर होते. वाक्य आधीच काढून ठेवले होते, ऐन वेळी यंत्राने दगा देऊ नये म्हणून.

तिथे जे झाले ते त्यांनी मला एकदाच, परतल्यावर चौथ्या दिवशी, गाडीत सांगितले. म्हातारी भली होती. तिने दार उघडले, बसवले, सार वाढले. सारात अंडे होते. आबांनी फोन तिच्या कानाशी धरून ते वाक्य ऐकवले. तिने नकारार्थी मान हलवली. आबांनी पुन्हा ऐकवले. आईचा फोटो दाखवला. ती फोटोकडे पाहत राहिली आणि पुन्हा मान हलवली. वयामुळे स्मृती गेली असेल, असे आबांना वाटले. दोन दिवस ते त्या गावात राहिले, रोज जाऊन तिच्यापुढे बसले, रोज ते वाक्य ऐकवले. तिसऱ्या दिवशी तिने डोक्याला रुमाल बांधला, आबांचा हात धरला आणि त्यांना चर्चमागच्या दफनभूमीत नेले. एका दगडाशी उभे केले. दगडावर हेलेना असे नाव होते, माहेरच्या आडनावासह. शेजारी नवऱ्याचे नाव. तिची मोठी बहीण आयुष्यभर त्याच गावात राहिली होती आणि तिथेच पुरली होती.

"आईच्या नावाच्या थडग्यापुढं उभा हुतो," आबा म्हणाले. "म्हातारी माझ्या पाठीवरनं हात फिरवत हुती. तिला वाटलं, मी वेडा हाय. चांगली बाई."

मी गाडी चालवत होतो. समोर लाल दिवे होते.

"समासात हुतं," ते म्हणाले. "बारावं पान. तिकडं माणसाचं लगीन झालं की पाद्री त्याच्या जन्माच्या नोंदीच्या कडंला लिहून ठेवतोय. त्या हेलेनाच्या कडंला लिहिलंय. लढाईनंतरचं साल. तवा आमची आई कोल्हापुरात चुलीपुढं हुती. मी नोंद मोठी करून छापली, त्यात कड कापली गेली. अख्खं पान गठ्ठ्यात हुतं. साल वाचायला पोलिश कशाला लागतंय?"

मी गाडी थोडी पुढे घेतली.

मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली. अतिशय हळू विचारले, "तुम्हाला दिसलं न्हवतं, इंजिनेर?"

"दिसलं नाही, आबा."

हे वाक्य शब्दशः खोटे नव्हते. मी त्यानंतर बरीच वर्षे त्या आधारावर काढली. जे उघडलेच नाही त्यात काही दिसणे शक्य नव्हते. पण ते मला जे विचारत होते त्याचे हे उत्तर नव्हते, आणि ते मला ठाऊक होते.

"बरं," आबा म्हणाले. "चूक लिहिणाऱ्याची."

ते त्यानंतरही माझ्याच गाडीतून येत-जात. हवेविषयी बोलत, रस्त्याविषयी बोलत. आईविषयी पुन्हा बोलले नाहीत. कुणालाही दर्जा देताना मी त्यांना ऐकले नाही. वर्षभरात प्रकल्प संपला, वयामुळे त्यांचा व्हिसा पुढे वाढला नाही. विमानतळावर मी सोडायला गेलो. तिन्ही फाइली त्यांनी सामानात न टाकता हाताशी ठेवल्या होत्या. "येतो," म्हणाले. एवढेच. त्यांच्या जागी कुणाला घेतले नाही. आता कागद संगणकात येतात आणि तारीख यंत्रच घालते.

आबा गेल्या वर्षी कोल्हापुरात वारले. मूत्रपिंडे निकामी झाली होती. दोन महिन्यांनी तिकडून येणाऱ्या एका गृहस्थाबरोबर त्यांच्या पुतणीने माझ्या नावाचे एक पार्सल पाठवले आणि मग फोन केला.

"काका, आबांनी सांगून ठेवलं होतं. ही फाइल तुम्हाला द्यायची. तुमची सही झाली की बंद करायची. नाही झाली, तर उघडीच ठेवायची म्हणाले."

"आणखी काही म्हणाले?"

"घाई नाही, असं सांगायला सांगितलंय."

फाइलीत त्याच तक्त्याची नवी आवृत्ती होती. आबांनी आजारपणात, खाटेवरून ती पुरी केली होती. त्यांची झोशा त्या खेड्यातली नव्हतीच. त्याच नावाचे दुसरे खेडे होते, आणखी पूर्वेला, लढाईनंतर सीमेपलीकडे गेलेले. झोशा तापातून वाचली. लढाईनंतर अनाथ मुलांबरोबर पोलंडच्या पश्चिमेला आली, शिवणकाम शिकली, लग्न केले नाही, अखेरची वर्षे एका वृद्धाश्रमात काढली. आबा त्या दफनभूमीत चुकीच्या थडग्यापुढे उभे होते, तेव्हा ती आगगाडीने सहा तासांवर जिवंत होती. त्यानंतर सात महिन्यांनी गेली. हे सगळे तक्त्यात एकेका ओळीत, शेऱ्याविना. 'तयार केले' या चौकटीत आबांची कापरी सही. 'तपासले' या चौकटीत माझे नाव छापलेले आणि पुढे कोरी जागा.

मी वार्षिक रजा घेतली आणि गावी न जाता अल मजाजच्या घरी बसून ती एकशे सहा पाने वाचली. पत्नीने एकदा विचारले, "त्यांच्यासाठी आता हे करून काय होणार आहे?" मी म्हणालो, "त्यांच्यासाठी नाही." ती समजली असावी, कारण पुन्हा विचारले नाही. प्रत्येक पान मी चारही कडांनी वाचले. फोनवर भाषांतर केले, शंका आली तिथे अभिलेखागाराला लिहिले, उत्तराची वाट पाहिली. आबांची एकही चूक सापडली नाही. एक गोष्ट मात्र सापडली. आश्रमाच्या प्रवेशअर्जाची प्रत आबांनी यादीत केवळ 'प्रवेशअर्ज, दोन पाने' अशी नोंदवली होती. दुसऱ्या पानावर जवळच्या नातेवाइकाचे रकाने होते. झोशाने म्हातारपणीच्या मोठ्या अक्षरांत ते भरले होते. नाव: हेलेना. नाते: बहीण. पत्ता: माहीत नाही.

ती वाट पाहत होती.

शेवटी मी रद्द आवृत्तीकडे वळलो. ती नियमाप्रमाणे मागे लावलेली होती, तिरप्या शिक्क्यासह. माझी सही, शुक्रवारची तारीख. तिच्यामागे ते तपकिरी पाकीट, कोपऱ्यात अजून वाळूच्या पायाचा डाग. पाकिटात बेचाळीस पानांचा गठ्ठा, त्याला हिरवा दोरा आणि पेंढीची ती पिळून खुपसलेली गाठ. पाकिटावर आबांच्या अक्षरात एक ओळ होती: 'तपासणाऱ्याकडून परत. गाठ तशीच.' खाली जांभळी तारीख. ती तारीख ते पोलंडहून परतून कामावर आले त्या दिवसाची होती.

म्हणजे गाडीत मला विचारले, त्याच्या तीन दिवस आधीपासून त्यांना ठाऊक होते. त्यांना उत्तर नको होते. मला ते देता यावे, म्हणून त्यांनी विचारले होते.

नव्या तक्त्याच्या शेऱ्यांच्या रकान्यात मी लिहिले: 'आधीची आवृत्ती तपासली नव्हती. गठ्ठा उघडला नव्हता. तिच्यावरील शुक्रवारची तारीख खोटी आहे, सही रविवारी केली. ही आवृत्ती पूर्ण वाचली. बरोबर आहे.' खाली सही केली आणि त्या दिवसाची तारीख घातली. मंगळवार होता. पार्सल पुन्हा बांधून कोल्हापूरला पाठवले. पुतणी ते वाचेल, पुढे आणखी कुणी वाचेल.

हिरव्या दोऱ्याची ती गाठ मात्र मी सोडली नाही. आता सोडली असती, तर पुढच्याला वाटले असते की मी ती कधीतरी सोडली होती.